न दिसणारा जोड

२ फेब्रुवारी

वाचनालयाच्या बाईंनी आज हाक मारून कपाटाआड बोलावलं. वाटलं, फाटक्या मासिकांवरून बोलणार. रद्दीत काढलेली मासिकं मी कापायला घरी नेतो, ते कुणीतरी सांगितलं असणार. पण त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही फोटो कापून चित्रं जोडता ना, तसली तीन द्या. महिनाअखेर आपल्या दालनात प्रदर्शन आहे. विषय आहे 'आजचे वाद'."

मी हो म्हणालो. का म्हणालो कुणास ठाऊक. 

घरी आक्काला सांगितलं. आक्का माझी थोरली बहीण. तिचे यजमान गेल्यापासून आम्ही दोघंच या दोन खोल्यांत राहतो. ती म्हणाली, "छोट्या, तू सातवीत शाळा सोडलीस. तुला वाद कळतात का?"

मी म्हणालो, "तुझ्याबरोबर राहतो की."

ती हसली नाही. पण संध्याकाळी बघितलं तर माझी कातर धार लावून टेबलावर ठेवलेली होती. धारवाला दारावरून गेला असेल.

५ फेब्रुवारी

पहिलं चित्र झालं. विषय गल्लोगल्ली लावलेले कॅमेरे. चोर सापडतो म्हणून काही लोक खूश आहेत, काही म्हणतात आमच्या खिडकीत डोकावतो. मी एक साधी गल्ली घेतली आणि दिव्याच्या प्रत्येक खांबावर दिव्याच्या जागी माणसाचा कान बसवला. डोळा कुणीही बसवला असता. कान बघून आक्का म्हणाली, "मग आता भांडायचं कुठे?" म्हणजे चित्र कळतंय.

दुसरं अर्धं झालंय. म्हाताऱ्यांशी गप्पा मारणारं यंत्र निघालंय म्हणे. ते चांगलं की वाईट, यावर रेडिओवर दोन विद्वान तासभर भांडले. मी आरामखुर्चीत एक म्हातारा बसवलाय. त्याचा हात धरून समोर कुकर बसलाय, शिट्टी वर झालेला. तो म्हातारा खुशीत आहे की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. तोंड आधी हसरं लावलं होतं. काढलं.

बाई काल येऊन बघून गेल्या. म्हणाल्या, "काका, जोड जरा दिसू द्या. कापलेली कड दिसली की मजा येते." मी मान डोलावली. पण कसं दिसू देऊ? माझा जन्म फोटो स्टुडिओच्या आतल्या खोलीत गेला. कुणाचे वडील वारले की लोक त्यांचा जुना फोटो घेऊन यायचे आणि सांगायचे, यांना मुलाच्या लग्नाच्या फोटोत बसवा. मी बसवायचो. गेलेल्या माणसाचा हात नवऱ्यामुलाच्या खांद्यावर असा ठेवायचो की घरचेसुद्धा बोट लावून बघायचे. कड मागून पॉलिश पेपरने घासायची, कागद पापुद्र्याएवढा पातळ करायचा, कडेवरून शिसपेन्सिल फिरवायची, मग खळ लावून वजनाखाली ठेवायचं. जोड दिसला तर मालक ओरडायचे. जोड दाखवणं म्हणजे शर्ट उलटा घालून कार्याला जाणं. माझ्याच्याने होणार नाही.

९ फेब्रुवारी

तिसऱ्यासाठी विषय मिळाला, फोन. सगळे मान खाली घालून चालतात, त्यावरून घरोघर कटकटी आहेत. शाळेत फोन न्यावा की नेऊ नये, यावर तर आयाआयांत अबोला झालाय.

चित्रात एक बस हवी होती आणि बसला चालक. वाचनालयाकडे जाणारी बस सकाळी आणि दुपारी शाळेची खेप करते. तिचा चालक उंच, मिशीवाला. पोरं त्याला कप्तान म्हणतात. आगाराच्या भिंतीशी बस उभी होती आणि तो जागेवर बसून थर्मासच्या झाकणात चहा पीत होता. मी घाबरत घाबरत कॅमेरा दाखवला. माझा जुनाच आहे, रिळाचा.

"माझा फोटो? काढा की. थांबा, मिशी सरळ करतो." मग म्हणाला, "झाकण खाली ठेवू का?"

मी म्हणालो, "राहू द्या. हात चांगला आलाय."

"काका, चित्रात मला काय करणार?"

"माणूसच करणार."

"तेवढं झालं तरी पुष्कळ," असं म्हणून तो हसला. चांगला माणूस.

१५ फेब्रुवारी

तिसरं चित्र झालं. आजवर केलेल्यांत हे सगळ्यांत चांगलं. नजर लागू नये म्हणून हे लिहू नये, पण लिहितो.

कप्तान बसच्या सुकाणूवर आहे. त्याच्या हातातल्या झाकणावर मी फोन बसवला. जाहिरातीतून कापलेला, उजेड असलेला. चहाकडे बघणारे त्याचे डोळे आपोआप फोनकडे बघू लागले. खिडकीबाहेर आगाराची भिंत होती, तिच्यावर धावता रस्ता चिकटवला. त्याच्यामागे प्रत्येक खिडकीत पोराऐवजी एक बंद पडलेलं घड्याळ. आणि बसच्या टपावर एक म्हातारी, दोन्ही हात तोंडाशी धरून हाका मारतेय. कुणाला ऐकू जात नाही.

म्हातारीसाठी आक्काला स्टुलावर बसवून फोटो काढला होता. तेव्हा कुरकुरली, "मला टपावर चढवून तू मोकळा." आता दिवसातून चार वेळा कपड्यांच्या घड्या ठेवायच्या निमित्ताने चित्रासमोरून जाते.

फोनचा जोड भिंगातूनही सापडत नाही. मी स्वतः शोधला.

२२ फेब्रुवारी

प्रदर्शन उघडलं. लोक येतील की नाही याची काळजी होती. आले, तर ते काय म्हणतील याची काळजी लागली. कुकरच्या चित्रापुढे दोन बायका खूप वेळ उभ्या होत्या. एकीने डोळे पुसले. दुसरी म्हणाली, "आमच्या बाबांना असाच आणायला हवा." मला दोन्ही बरोबर वाटलं.

आक्का नवं पातळ नेसून आली होती, सोबत शेजारीणबाई. मी खांबाआडून बघत होतो. आक्का शेजारणीला बसच्या चित्राजवळ घेऊन गेली आणि काचेवर बोट ठेवठेवून काहीतरी दाखवायला लागली, नेमकं कप्तानाच्या हातापाशी. शेजारीणबाई वाकून वाकून बघत होत्या, मान हलवत होत्या. मग त्यांनी फोन काढून काचेला जवळजवळ टेकवलाच आणि फोटो घेतला. आक्का काहीतरी बोलली, दोघी हसल्या. मला बघताच आक्काने तोंड फिरवलं.

माझ्या चुका दाखवत असणार. एवढी वर्षं झाली, पण लोकांसमोर भावाचं कौतुक करणं तिला जमायचं नाही.

२५ फेब्रुवारी

आज काय आनंद झाला ते लिहून ठेवतो.

न्हाव्याकडे गेलो होतो. तो एका गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून ठेवून फोन बघत होता. म्हणाला, "काका, हे बघितलंत का?" बघतो तर माझं चित्र! सगळं नाही, फक्त कप्तान, हात, फोन आणि खिडकीतला धावता रस्ता. पण माझंच. न्हाव्याला त्याच्या मेहुण्याकडून आलं, मेहुण्याला आणखी कुणाकडून. गावभर फिरतंय म्हणाला.

न्हावी म्हणाला, "डोकं तडकतं हो असलं बघून." साबणवाला गिऱ्हाईकही म्हणाला, "माझी पोरगी असल्याच बसने जाते. झोप उडाली माझी."

झोप उडाली! बाई म्हणतात ना, चित्राने माणूस हलला पाहिजे. हलला.

परत येताना भाजीवालीकडेही तेच. मला राहवेना म्हणून तिला सांगून टाकलं, "ते माझं आहे."

"तुमचं? तुम्ही घेतलात तो फोटो?"

"घेतला, म्हणजे... मीच."

"शाबास काका! या वयात एवढी हिंमत!" तिने दोन लिंबं जास्त टाकली. चित्र करायला हिंमत लागते, हे भाजीवालीलाही कळतं.

आक्काला सांगितलं, तुझा भाऊ गावभर गेला. ती तांदूळ निवडत होती, ते ताट खाली ठेवून म्हणाली, "नुसता हात? टपावरची मी नाही? खाली काही लिहिलंय का?"

"नाही. काही नाही लिहिलेलं."

तिने पुन्हा काही विचारलं नाही. ती चित्रात दिसत नाही याचं वाईट वाटलं असेल.

२७ फेब्रुवारी

बसला नवा चालक. तरुण, तुसडा. मी विचारलं, "कप्तान रजेवर का?" तो म्हणाला, "आजोबा, पुढे सरका." आजारी असेल बिचारा. हवा बदललीय. मलाही सकाळपासून घसा खवखवतोय. मिठाच्या गुळण्या केल्या.

आक्का गप्प आहे. शेजारणीकडे जाऊन दार लावून बोलत बसली. आली तेव्हा चेहरा उतरलेला होता. विचारलं तर म्हणाली, "गुडघा."

१ मार्च

मला हे लिहायचं नाही, पण लिहितो.

बाजारात कप्तान भेटला. अंगात गणवेश नव्हता, साधा सदरा. मी लांबूनच हात केला आणि जवळ जाऊन म्हणालो, "अहो, तुम्ही तर प्रसिद्ध झालात! गावभर तुमचा फोटो!"

त्याने हातातली पिशवी खाली ठेवली.

मी आणखी म्हणालो, "सगळं माझ्याच हातचं. जोड सापडतोय का सांगा."

अजून आठवलं की कानशिलं तापतात. तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही केलंत ते?"

"हो. प्रदर्शनात आहे. तुम्ही आला नाहीत ते?"

"मला घरी बसवलंय काका. त्या फोटोवरून. बस चालवताना फोन बघतो म्हणून. आयाबाया आगारात येऊन ओरडून गेल्या. मी सांगतोय की मी चालवताना फोन खिशातून काढत नाही. साहेब म्हणतात, मग हा कोण?" मग हळू आवाजात म्हणाला, "घरी मुलगी विचारते, बाबा, एकदाच बघितलात का? एकदाच असेल तर सांगा ना."

मी म्हणालो, "पण ते तर चित्र आहे."

"मला माहीत आहे चित्र आहे. माझ्या हातात चहा होता."

एवढं बोलून तो गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. मी कोथिंबिरीच्या गाड्याला धरून उभा राहिलो. भाजीवाली "पाणी देऊ का काका" म्हणाली. तिला सांगावंसं वाटलं की लिंबं परत घे.

न्हाव्याचं डोकं, त्या गिऱ्हाइकाची झोप. सगळं आत्ता लक्षात येतंय. मी कसला गाढव.

२ मार्च

आक्काला सगळं सांगितलं. वाटलं, सोलून काढेल. ती म्हणाली, "माहीत आहे मला. परवा कळलं." मग भिंतीकडे बघत म्हणाली, "आता काय करायचं ते बोल." मी विचारलं, "कोणी पाठवला असेल गं पहिल्यांदा?" ती म्हणाली, "कोणी का असेना. गेला तो गेला." आणि उठून भांडी घासायला लागली. ती मघाशीच घासून झाली होती.

दुपारी आगारात गेलो. साहेबांच्या खोलीबाहेर बसून तीनदा परत फिरायचं ठरवलं. मला साहेब माणसासमोर बोलता येत नाही, जीभ चिकटते. पण बसलो. त्यांनी बोलावल्यावर निगेटिव्ह दाखवली. उजेडाकडे धरली, हातात झाकण आहे ते दाखवलं.

साहेब वाईट नाहीत. निगेटिव्ह नीट बघितली. म्हणाले, "काका, यात झाकण आहे. मान्य. पण झाकणाचा एक फोटो काढला आणि फोनचा दुसरा, असं कुणी म्हटलं तर? तुमची त्यांची ओळख आहे, तुम्ही त्यांना वाचवताय म्हणतील. गुरुवारी पालक येणार आहेत, शाळेच्या बाईही येणार. त्यांना हे पटणार नाही."

"मग काय पटेल?"

"ते मला काय विचारता? तुमचं काम तुम्हाला माहीत."

येताना बसमध्ये सुचलं. मी खालचं कधीच कापून टाकत नाही. स्टुडिओची शिस्त. गिऱ्हाइकाचा मूळ फोटो कापायचा नाही, वरून चिकटवायचं. म्हणजे फोनखाली झाकण आहे. रस्त्याखाली भिंत आहे. सगळं जागच्या जागी आहे, फक्त झाकलेलं.

३ मार्च

वाचनालयात गेलो. मी तोंड उघडायच्या आतच बाईंनी माझे दोन्ही हात धरले. बसचं चित्र नगरभवनाच्या मोठ्या दालनासाठी निवडलंय! कायमचं! खाली पितळी पट्टीवर नाव!

मी सगळी हकीकत सांगितली. त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "अरेरे. मी आगाराला पत्र देते, वाचनालयाच्या कागदावर. हे कोलाज आहे, कल्पना आहे, असं स्पष्ट लिहिते."

"पत्राने न्हाव्याचं समाधान होईल का?"

"न्हावी कोण?"

"सगळेच."

त्या म्हणाल्या, "काका, तुम्ही सोलायला जाल आणि ते फाटेल. पुन्हा असं जमेल?"

नाही जमणार. आता हात हलतो. ते चित्र जमलं ते जमलं. घरी येऊन खरं खरं विचार केला. मला ते चित्र हवंय. मला नगरभवनात नाव हवंय. जन्मभर दुसऱ्यांच्या फोटोंतून स्वतःचा हात पुसत आलो. गेलेल्या माणसांना जागा करून दिली आणि खाली नाव मालकांचं. आता कुठे कुणी पट्टी लावतंय. पत्राने काम झालं तर काय वाईट? असं मी संध्याकाळपर्यंत स्वतःला सांगत होतो. मग त्या मुलीचा प्रश्न आठवला. एकदाच असेल तर सांगा ना. तिला पत्र कोण दाखवणार?

आक्काने विचारलं, "ठरलं?"

"ठरलं."

"मी येते गुरुवारी."

"तुझा गुडघा?"

"गुडघा बरोबरच येईल."

४ मार्च

सकाळभर सराव केला. जुन्या फोटोंवर खळीने तुकडे चिकटवून, वाळवून, सोडवून बघितले. किटलीची वाफ द्यायची, कोपरा नरम झाला की पातं आडवं घालायचं, ओढायचं नाही. खळीत मी मोरचूद घालतो, कीड लागू नये म्हणून. त्याने ती दगडासारखी होते. इतकी वर्षं जोड सुटू नये म्हणून धडपडलो. सुटावा कसा, हे कुणी शिकवलंच नाही.

पहिला तुकडा फाटला, दुसरा फाटला. तिसऱ्याचा रंगच निघाला. आक्का किटली धरून उभी होती. एरवी ती म्हणाली असती, ज्याला पोळी उलटता येत नाही त्याला हे काय जमणार. आज म्हणाली, "घाई करू नकोस. मी आहे." मला काळजी वाटायला लागली. तिला बरं नसेल का? कपाळाला हात लावून बघितला. तिने झटकला.

दुपारी एक तुकडा अख्खा सुटला.

५ मार्च, गुरुवार

आगाराची खोली लहान आणि माणसं भरपूर. शाळेच्या बाई, सात-आठ पालक, साहेब आणि कोपऱ्यात कप्तान. त्याने गणवेश घातला होता, इस्त्री केलेला. माझ्याकडे बघितलं नाही.

मी काय बोलायचं ते पाठ केलं होतं. उभा राहिलो आणि सगळं विसरलो. म्हणालो, "हे मी केलंय. याच्या हातात फोन नव्हता. मी बसवला." बस्स, एवढंच निघालं.

एक बाप म्हणाला, "आजोबा, चित्र तुम्ही नंतर केलं असेल, त्या फोटोवरून. आम्हाला काय कळतं?"

दुसरी एक आई म्हणाली, "याचा एवढा पुळका का तुम्हाला? नात्यातले आहात का?"

तेव्हा आक्का पुढे झाली. पदर खोचून साहेबांना म्हणाली, "तुमच्याकडे चहाची किटली आहे ना? शेगडीवर ठेवा. आणि यांना सगळ्यांना जवळ येऊ द्या, लांबून बघून खूप झालं."

वाचनालयातून उतरवून आणलेल्या चित्राची काच काढली. किटलीच्या वाफेवर चित्र धरलं. सगळे टेबलाभोवती वाकले. आधी खिडकीतला रस्ता धरला. तो बऱ्यापैकी सुटला, खालून आगाराची भिंत आली. एक जण म्हणाला, "अरे, ही तर बाहेरचीच भिंत." मग फोन. कोपरा नरम झाला. पातं घातलं. हात असा हलायला लागला की पातं एका जागी राहीना. मी थांबलो. कुणीतरी म्हणालं, "राहू द्या आजोबा." मी म्हणालो, "नाही राहू द्यायचं." डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि पुन्हा घातलं.

अर्धा फोन न फाटता सुटला. उरलेला फाटला आणि जाताना कप्तानाचा अंगठा घेऊन गेला. पण खाली झाकण आलं. कड, आतला चहा आणि वर हललेली थोडी वाफ. मला माहीतच नव्हतं की फोटोत वाफ आली होती.

मघाची ती आई पुढे आली. तिने ओल्या कागदावर बोट फिरवलं, झाकणावरून, भिंतीवरून, पुन्हा झाकणावरून. मग म्हणाली, "मी हा फोटो किती जणांना पाठवला." आणि खुर्चीवर बसली.

साहेबांनी तिथल्या तिथे सांगितलं, सोमवारपासून कामावर या. शाळेच्या बाई कप्तानाला काहीतरी म्हणाल्या, त्याने मान हलवली. आक्का त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिची हनुवटी हलत होती. "बाबा, चूक आमची आहे," ती म्हणाली. "आमची. तो फोटो जो..." पुढे तिला बोलवेना.

मी म्हणालो, "आक्का, चूक माझी आहे. एकट्याची. तू कशाला ओढून घेतेस?"

मी तिला मारल्यासारखं तिने माझ्याकडे बघितलं. मग माझी पिशवी उचलून बाहेर गेली. बहिणीची माया अशीच असते, दुसऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घेते. रिक्षात मी तिला तसं म्हणालो. ती रडायला लागली.

चित्र गेलं. टपावरची आक्का तेवढी राहिली आहे, वाफेने थोडी लाटा आल्यासारखी. बाई म्हणाल्या, नगरभवनासाठी कुकरचं बघू. बघा म्हणालो.

९ मार्च

कप्तान कामावर आला. मी मुद्दाम दुपारी आगारासमोर जाऊन उभा राहिलो होतो. बस शाळेकडून परत येताना बघितली. निम्म्या जागा रिकाम्या.

न्हाव्याने विचारलं, "काका, त्याला परत घेतलं म्हणे, वशिला असणार." मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "हो का? पण फोटो तर परवाच पुन्हा आला, दुसऱ्या गटावर." आणि दाखवला. तोच. हातात फोन, जोड नाही.

खोलीतली सात-आठ माणसं म्हणजे गाव नव्हे. हे मला गुरुवारी का कळलं नाही?

रात्रभर चुळबुळ करत बसण्यात अर्थ नाही. सरळ लिहितो. ज्यांनी बघितलं त्यांना एकेकाला दाखवायचं. दुसरा उपाय मला माहीत नाही. फाटलेलं चित्र पुठ्ठ्यावर घट्ट बसवलं. सुटलेल्या फोनचे तुकडे मागून चिकटवून तो शेजारी दोऱ्याने लटकवला. कुणीही तो झाकणावर धरून बघावा आणि उचलून बघावा.

१० मार्च

शाळेच्या फाटकापाशी उभा राहिलो. रखवालदार म्हणाला, "विकायला मनाई आहे." मी म्हणालो, "विकत नाही." "मग वर्गणी?" "नाही." "मग काय पाहिजे?" "दोन मिनिटं." त्याने स्वतःच पहिल्यांदा फोन उचलून बघितला. तीनदा बघितला. मग म्हणाला, "फाटकाच्या डाव्या बाजूला उभे राहा, तिकडून सगळ्या जातात."

एका आजीने बघितलं. एक बाई "वेळ नाही" म्हणून गेली. एकीने विचारलं, "तुम्ही वेडे आहात का हो?" मी म्हणालो, "थोडासा. पण हे बघा." तिने बघितलं. पोरं तर रांग लावून फोन ठेवत होती आणि काढत होती. त्यांना तो खेळच झाला. मोठी माणसं पोरांच्या मागे उभी राहून आपोआप बघतात, हे लक्षात आलं. उद्या पोरांना आधी धरायचं.

आक्का सगळा वेळ छत्री धरून माझ्या बाजूला. माझ्यापेक्षा मोठ्याने बोलते. "या, या, बघा, हा जोड! दिसतोय का? हात लावा!"

१३ मार्च

आज बसमध्ये निम्म्याहून जास्त पोरं होती. मी मोजली नाहीत, डोळ्यांनी दिसत होतं. फाटकातून बस बाहेर येताना कप्तानाने माझ्याजवळ थांबवली. मागच्या गाड्या भोंगे वाजवायला लागल्या. त्या गुरुवारपासून तो माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता. आजही त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. लटकणाऱ्या फोनकडे बघितलं.

म्हणाला, "दुपारी आज्या येतात. सकाळी आया येतात. तक्रार आयांनी केली होती."

"बरं," मी म्हणालो.

"सातला गाडी लागते फाटकाशी."

"येतो."

"उभे राहून पाय सुजतात तुमचे. मी बघतो रोज. घडीचं स्टूल आहे आमच्या घरी. मुलगी आणून देईल." मग गिअर टाकताना, समोर बघत म्हणाला, "तिलाही दाखवा एकदा. माझं ऐकते, पण तुमच्याकडून बघू दे."

आक्काला म्हणालो, सहाला उठव. ती म्हणाली, "मी साडेपाचलाच उठते. तू फक्त कुरकुर करू नकोस."

घसा बसलाय बोलून बोलून. गुळण्या करून झोपतो.